तिसऱ्या गिअरमधला उन्हाळा

माळ्यावरचा कूलर काल खाली उतरवला. भोपाळमध्ये होळी होऊन गेली की घरोघर हे काम निघतं. जुने वाळ्याचे पडदे काढून टाकायचे, टाकी घासायची, पंप चालतोय का ते बघायचं. नवे पडदे आणायला गेलं की दुकानदार त्याला खस म्हणतो, घरी आणले की त्याचाच वाळा होतो. पहिलं पाणी पडलं की वास घरभर पसरतो आणि आलं-गेलं माणूस म्हणतं, अहाहा, काय गार वाटलं! मला गार वाटत नाही. कुणाला वाळ्याच्या वासानं आजोळ आठवत असेल, माठातलं पाणी आठवत असेल. मला माझा भाऊ आठवतो आणि पोटात जळायला लागतं.

हेवा म्हणा, मत्सर म्हणा, असूया म्हणा, मराठीत या गोष्टीला शब्दांची ददात नाही. मला त्यातला जळफळाट सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज आहे. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा मी त्या आवाजात काढला. नवी गाडी घेतली होती आणि ती चढावर अडखळत होती, एवढंच खरं तर झालं होतं.

पण आधी बाबांच्या कानाबद्दल सांगायला हवं. बाबा मूळचे अमरावतीकडचे. तरुणपणी इथल्या मोठ्या कारखान्यात लागले आणि टर्बाइनच्या चाचणीवर राहून तिथूनच निवृत्त झाले. नवं यंत्र पहिल्यांदा फिरायला लागलं की बाकीचे तबकड्यांवरचे काटे बघत आणि बाबा एक लांब पोलादी सळई घेऊन पुढे होत. सळईचं एक टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. मग डोळे मिटून ते ऐकत, आणि ते डोळे उघडेपर्यंत कुणी बोलत नसे. चाचणीवरच्या माणसाची तिथे एकाच वाक्यात पारख व्हायची: याला कान आहे, किंवा याला कान नाही. बढती, बदली, पगार यांतलं काहीही त्या वाक्यापुढे टिकत नसे.

ते वाक्य बाबांनी घरीही आणलं. मिलिंद, माझा धाकटा भाऊ, लहानपणी एकदा जेवता जेवता म्हणाला, ‘बाबा, पंखा टकटक करतोय.’ बाबांचा घास हातात राहिला. ते आईला म्हणाले, ‘बघ, याला कान आहे.’ आणि मिलिंदच्या पाठीवर थाप मारून, ‘बरोबर ऐकलं बे!’ तो पंखा टकटक करतोय हे आदल्या दिवशी मी सांगितलं होतं. तेव्हा बाबा पेपर वाचत होते आणि ‘हं’ म्हणाले होते. हे मी आजही कुणी विचारलं तर तारीखवार सांगितल्यासारखं सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते.

ते ‘बे’सुद्धा माझ्या डोक्यात बसलंय. वऱ्हाडातली माणसं आपल्या बरोबरीच्याला, जिवाभावाच्याला बे म्हणतात. बाबा भोपाळमध्ये इतकी वर्षं राहिले, दुकानात हिंदी आणि घरात शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायला लागले, पण मिलिंद समोर आला की त्यांच्या तोंडून आपोआप बे निघायचं. मी म्हणजे ‘शुभा’. फार लाडात आले तर ‘शुभाबाई’. मुलीला कुणी बे म्हणत नाही हे मला कळतं. तरी कानाला ते लागायचं.

मिलिंद इंजिनियर झाला, पुण्याला मोटारींच्या एका कंपनीत गेला. जाताना बाबांनी ती सळई त्याला दिली. आता ती त्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर भिंतीला लावलेली आहे, पाहुणे आले की तो तिची गोष्ट सांगतो. मी भौतिकशास्त्र शिकले आणि एम. पी. नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले. दर वर्षी मी दुसऱ्यांच्या पोरांना इंजिनियर व्हायला धाडते. आई गेल्यापासून अयोध्या नगरच्या घरात बाबा आणि मी दोघंच असतो. बाबांचं जेवणखाण, औषधं, मोतीबिंदू, विजेचं बिल, सगळं माझ्याकडे. सळई पुण्याला.

गाडी मी हट्टानं टर्बोवाली घेतली. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत गार करायला पुढच्या बाजूला एक जाळी असते. म्हणजे गाडीलाही कूलर आलाच. चक्र म्हटल्यावर बाबा खूश होतील असा माझा हिशेब होता, कारण त्यांचं सगळं आयुष्य चक्रांपाशी गेलं. ते खूश झालेही. गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून वाकून बघितलं. मग फोन काढला आणि मिलिंदला म्हणाले, ‘अरे, टर्बो घेतली बे आपण!’

ऊन तापायला लागलं तशी गाडी अडखळायला लागली. जागेवर इंजिन अगदी शहाण्यासारखं चाले. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं, काही तक्रार नाही. पण चढावर किंवा ट्रक ओलांडताना जोर मागितला, की क्षणभर ती जागच्या जागी थबके, एक हिसका देई आणि मग मुकाट चालू लागे. ऐन वेळी कच खाणारी हुशार मुलं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. मला गाडीचा राग येईना, काळजी वाटायला लागली.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी संगणक लावला आणि म्हणाले, ‘मैडम, कोई फॉल्ट नहीं दिखा रहा।’ अशोका गार्डनमध्ये रेल्वे लाइनच्या कडेला एक गॅरेज आहे, तिथल्या सलीमभाईंनी एक फेरी मारली आणि निर्वाळा दिला, ‘गाड़ी चकाचक है। आप पाँव एकदम से मारती हो, थोड़ा प्यार से दबाओ।’ प्रेमानं दाबल्यावर ती अडखळत नव्हती हे मला ठाऊक होतं. दुखणं जोर मागितल्यावरच होतं.

रात्री जेवणानंतर मिलिंदचा फोन येई. बाबा फोन हातात घेऊन गॅलरीत जात. मिलिंदनं तिकडून, पुण्यात बसून, गाडी न बघता निदान केलं: प्लग आणि कॉइल बदला. आत हवेचा दाब वाढला की कमजोर ठिणगी विझते, म्हणून हिसका बसतो. बाबांना ते सगळं एका दमात कळलं. आत येऊन त्यांनी मला ते शब्दाला शब्द सांगितलं. तेच मी आदल्या आठवड्यात म्हटलं होतं, तर दोनदा ‘काय?’ म्हणाले होते आणि तिसऱ्यांदा मान हलवून टीव्ही लावला होता. मी ताटं इतक्या जोरात आपटली की खालच्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी काही झालं का विचारून गेल्या.

प्लग बदलले, कॉइल बदलल्या. गाडी अडखळतच राहिली. खरं सांगते, मला आनंद झाला. पैसे गेले माझे, खोळंबा झाला माझा, अंदाजही आधी माझाच होता, तरी आनंद झाला. मी बाबांना म्हटलं, ‘मिलिंदचं चुकलं.’ बाबा म्हणाले, ‘चुकलं काय त्यात? प्लग तर नवे झाले ना.’

आणि मग एका सकाळी बाबाच म्हणाले, ‘शुभा, चल. आपण दोघं बघू.’

ते दिवस मला वासांसकट आठवतात. क्लासचे वर्ग दुपारी असत, त्यामुळे सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो. कडुनिंब फुललेले असत, त्यांचा कडूगोड वास बायपासपर्यंत साथ करी. गावाबाहेरच्या शेतांमधून गहू निघालेला, त्याचा भुसा हवेत असे आणि खिडक्या उघड्या असल्यामुळे केसांत, पापण्यांवर, बाबांच्या पांढऱ्या शर्टावर बसे. एसी बंद. बाबांचा हुकूम. ‘दाबाखाली असताना तपासायचं,’ ते म्हणत, ‘मोकळं असताना सगळंच बरं चालतं.’ कारखान्यातली ही त्यांची रीत. बायपासला एक लांबट, अंगावर न येणारा चढ आहे. पायथ्याशी गाडी हळू करायची, तिसऱ्या गिअरमध्ये ठेवायची आणि मागे-पुढे कुणी नाही असं बघून पाय पूर्ण दाबायचा. गाडी उचल घेई, घेई, आणि मग तो हिसका. वर जाऊन वळायचं आणि पुन्हा खाली.

बाबा माझ्या शेजारच्या सीटवर. डावा तळवा समोर डॅशबोर्डवर टेकवलेला, एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला त्या डॅशबोर्डचासुद्धा हेवा वाटला. माझ्या तापात त्यांनी असा हात ठेवलेला मला आठवत नाही; ते काम आईचं होतं. आणि ते रस्त्याकडे बघत नसत. पूर्ण माझ्याकडे वळून, माझ्या तोंडाकडे बघत बसत.

‘ऐकलंस?’ ते विचारत.

‘हो. सूं असा आवाज आला.’

‘हिसक्याच्या आधी की नंतर?’

‘आधी. जरासाच आधी.’

‘नक्की?’

‘बाबा, नक्की.’

‘कुठून?’

‘उजवीकडून. खालून.’

‘पुन्हा घे.’

पुन्हा चढ, पुन्हा सूं, पुन्हा तेच प्रश्न. बारीक आहे की जाड? वाढत जातो की एकदम येतो? हिसक्यानंतर थांबतो का? मी घामानं निथळत असे. क्लासमध्ये मी मुलांची तोंडी परीक्षा घेते तेव्हा त्यांना काय होत असेल ते मला तिथे कळलं. मिलिंदनं एकदा ‘पंखा टकटक करतोय’ म्हटल्यावर पाठीवर थाप पडली होती. मी दहा वेळा एकच गोष्ट सांगत होते तरी बाबा मान डोलवत नव्हते. मला वाटे, यांना हा आवाज पहिल्याच फेरीत ऐकू आलाय, कुठून येतो तेही कळलंय, आणि आता ते फक्त पोरीला कळतंय का ते बघताहेत. मला त्या चढावर एकच हवं होतं. गाडी दुरुस्त व्हायला हवी होती, ते आलंच. पण त्याच्याही आधी त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं, शुभाला कान आहे.

आवाजाचं कोडं मला सुटलं ते ओट्यापाशी. कुकरची रबरी रिंग जुनी झाली होती. वाफ झाकणाच्या कडेनं सूं करत निसटत होती आणि शिट्टी होत नव्हती. मी गॅस बंद केला आणि तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. ‘बाबा, हवा गळतेय. दाबलेली हवा जाते त्या नळीतून. दाब चढला की चीर उघडते, हवा बाहेर, इंजिनाला कमी पडते. दाब उतरला की चीर मिटते, म्हणून जागेवर काही दिसत नाही.’ बाबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘सावकाश सांग.’ मी सावकाश सांगितलं. मला वाटलं, आता. आता म्हणतील. ते म्हणाले, ‘साबणाचं पाणी कर.’

म्हणजे माझ्या कानावर भरवसा नव्हताच, पुरावा हवा होता. मी धुसफुसत साबण कालवला. बाबांनी हवेच्या फिल्टरकडची नळी सोडवली, तिच्या तोंडात प्लास्टिकच्या बाटलीचा बुडखा पक्का बसवला, त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आधीच लावून ठेवला होता. मी पायपंपानं हळूहळू हवा भरत होते आणि बाबा झाडांवर मारायच्या फवाऱ्यानं नळ्यांवर साबणाचं पाणी मारत होते. मला आवाज लगेच ऐकू आला. बाबा मात्र वरच्या नळीवर, डाव्या जोडावर, भलतीकडेच फवारत बसले. मी म्हटलं, ‘खाली. उजवीकडे, क्लिपच्या मागे.’ त्यांनी तिथे फवारा मारला. नळीच्या पोटाशी फेस धरला, बुडबुडे फुगून फुटायला लागले. बाबांचा चेहरा असा उजळला की त्यांचे कारखान्यातले दिवस मला त्यात दिसले.

त्यांनी हात पुसले आणि मिलिंदला फोन लावला.

‘सापडलं बे! दाबाच्या नळीला चीर. गरम झाली की उघडत होती. सूं करून आवाज येत होता ना चढावर. एकदम स्पष्ट.’

फोन स्पीकरवर होता. पुण्याहून मिलिंदचा खर्जातला आवाज घुमला, ‘बाबा, तुमच्या कानाला तोड नाही!’

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवून बॉनेटमध्ये बघायला लागले. मी पायपंप तिथेच सोडून आत गेले आणि कूलरसमोर बसून रडले. पडदे नवे होते, वाळ्याचा वास यायला लागला होता. रडताना तो नाकातोंडात गेला आणि तिथेच राहिला.

नळी सलीमभाईंकडून बदलून घेतली. त्यानंतर गाडी कधी अडखळली नाही. आजही ती चढावर अशी उचल घेते की पाठ सीटला टेकते. मी मात्र त्या चढावर पोचले की अजून थोडी थबकते. मुलांना दाब, घनता, तापमान शिकवताना उदाहरण म्हणून ती नळी सांगते आणि सांगता सांगता आवाज चढतो. पोरं एकमेकांकडे बघतात. एक मुलगी एकदा म्हणाली, ‘मैम, आप तो पर्सनल ले रही हो।’ घ्यायलाच हवं, मी म्हटलं, फिजिक्स पर्सनलच असतं.

यंदा कूलर लावला आणि बाबा म्हणाले, पंप बिघडलाय, पाण्याचा आवाज येत नाही. पाणी तर पडद्यांवरून धो धो ओघळत होतं. मग मी हट्ट धरला आणि आज सकाळी त्यांना कान तपासायला एम. पी. नगरात घेऊन गेले. तपासणारी तरुण मुलगी होती. तिनं बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठे गोळे लावले, मग कागदावर एक रेघ काढून दाखवली. कागदाच्या डाव्या भागात रेघ ठीक होती आणि पुढे उजवीकडे कडा कोसळावा तशी खाली गेली होती.

‘अंकल, मशीनों के शोर में काम किया है न? इसमें ऊँची आवाज़ें पहले जाती हैं,’ ती म्हणाली. ‘सीटी, चिड़िया, कुकर, लेडीज़ की आवाज़। भारी आवाज़ें ठीक सुनाई देती हैं। जेन्ट्स की बात आप आराम से समझ लेते होंगे।’

मी त्या रेघेकडे बघत राहिले. मिलिंदचा खर्जातला आवाज. माझा बारीक, वर्गात ओरडून आणखी चढलेला.

‘कब से है ये?’ तिनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, ‘जब इसकी गाड़ी झटका मारती थी, उससे भी पहले से।’

परत येताना मी बायपासकडून गाडी घेतली. तसं तिकडून यायचं काही कारण नव्हतं. कडुनिंब फुलले होते, हवेत भुसा होता. चढाच्या पायथ्याशी मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि त्यांच्याकडे तोंड वळवून, सावकाश विचारलं, ‘बाबा, त्या वेळी तुम्हाला तो आवाज ऐकू येत नव्हता?’

‘हाताला हिसका कळायचा,’ त्यांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला. ‘आवाज नाही. एकदाही नाही.’

‘मग दहादहा वेळा विचारत का होतात? मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय.’

बाबा थोडं हसले. कानामागे तिथूनच लावून आणलेलं नवं यंत्र होतं, त्याची त्यांना अजून सवय नव्हती, सारखा हात तिकडे जात होता.

‘परीक्षा घ्यायला आधी उत्तर माहीत असावं लागतं बे,’ ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाय पूर्ण दाबला. बाबा दचकले, त्यांना आता सगळंच ऐकू येत होतं.

घरी पोचतोय तोवर मिलिंदचा फोन. ‘ताई, काय म्हणाले डॉक्टर?’ वयाचं आहे, मी म्हटलं, मशीन लावलंय. तो हळहळला. म्हणाला, ‘काय कान होता गं बाबांचा! तुझ्या गाडीची ती गळती त्यांनी नुसत्या आवाजावरून पकडली होती, आठवतं? मी ऑफिसात अजून सांगतो लोकांना.’

‘हो ना,’ मी म्हटलं. ‘कान होताच तसा.’

कुणाचा, ते मी त्याला सांगितलं नाही. बाबांचा मान राखायला गप्प राहिले असं कुणाला वाटलं तर वाटू दे. सळई त्याच्याकडे आहे, ती राहू दे. हे माझ्याकडे राहील.